रघूजी एकदा परत गेले होते

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पेपरात एका तलवारीचा फोटो आला होता. तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी तो पाहिला असेल. नागपूरकर भोसले घराण्यातल्या पहिल्या रघूजींची तलवार. लंडनच्या लिलावात ती निघाली, आपल्या सरकारने सत्तेचाळीस लाखांच्या वर पैसे मोजून ती घेतली आणि १८ ऑगस्टला ती मुंबईला आली. मी ते कात्रण कापून आमच्या मंडळाच्या खोलीत भिंतीला चिकटवलं. शिवणाच्या वर्गाला येणाऱ्या मुली येता-जाता ते बघायच्या. त्यातल्या एकीने, गोंड समाजातली आहे ती, मला सहज विचारलं की हे नागपूरचे राजे, तर यांच्या आधी नागपूर कुणाचं होतं आणि ते यांच्याकडे आलं कसं.

प्रश्न साधाच. पण मी बी.ए.ला इतिहास घेतलेली बाई, मलाही पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन जुनी पुस्तकं काढली, वाचनालयातून गॅझेटियर आणलं. स्वयंपाक उरकला की रोज थोडं थोडं वाचत गेले. वाचता वाचता लक्षात आलं की ही नुसती एका सरदाराची गोष्ट नाही. दुसऱ्याच्या राज्यात भावाभावांत जुंपली असताना बाहेरची फौज तिथे गेली, तर तिने राहावं की निघून यावं, हा जो प्रश्न आपण हल्ली टीव्हीवर बघतो, तोच प्रश्न पावणेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या नागपुरात येऊन गेला होता.

रघूजींचा जन्म १६९५ चा, वाईजवळच्या पांडववाडीचा. वडील बिंबाजी लवकर गेले. आईने वाढवलेलं पोर. पुढे ते वऱ्हाडात काका कान्होजींकडे आले. यवतमाळ जिल्ह्यात भाम नावाचं गाव आहे, तिथे कान्होजींचं ठाणं होतं. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना सेनासाहेबसुभा हा मोठा हुद्दा दिलेला होता. कान्होजींना मूलबाळ नव्हतं तोवर पुतण्या लाडका होता. मग त्यांना मुलगा झाला आणि घरातलं वारं फिरलं. आपल्यापैकी ज्या एकत्र कुटुंबात नांदल्या आहेत त्यांना हे वारं कसं फिरतं ते सांगायला नको. रघूजी थोडे स्वार घेऊन बाहेर पडले. त्या दिवसांत काही काळ त्यांनी देवगडच्या चांद सुलतानाकडे चाकरी केली, असं इतिहासकार सांगतात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ते साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेले. महाराजांना शिकारीचा नाद. एकदा शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा रघूजींनी महाराजांना वाचवलं, अशी आख्यायिका आहे. खरं-खोटं देव जाणे, पण मर्जी बसली हे नक्की, कारण महाराजांनी आपल्या राणीच्या माहेरची, शिर्क्यांची मुलगी त्यांना दिली. म्हणजे छत्रपतींशी साडूचं नातं जुळलं. इकडे काका कान्होजी सरकारचा हिशेब देईनात, ऐकेनात. तेव्हा त्यांना धरून आणायला महाराजांनी पुतण्यालाच पाठवलं. १७३० च्या सुमारास वणीजवळ मंदर गावापाशी लढाई झाली, कान्होजी पकडले गेले आणि साताऱ्याच्या कैदेतच त्यांचा शेवट झाला. सेनासाहेबसुभा हा हुद्दा रघूजींकडे आला. भाऊबंदकी काय चीज असते हे त्यांनी दुसऱ्याच्या घरात बघायच्या आधी स्वतःच्या घरात बघितलं होतं.

आता देवगडचं सांगते. देवगड आज मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यात आहे. तिथले गोंड राजे मोठे कर्तबगार. त्यांच्यातल्या बख्त बुलंद शहाने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून नागपूर शहर वसवलं. त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. नागपूर गोंडांचं, गोंड राजानेच वसवलेलं. त्याच्यामागे चांद सुलतान गादीवर आला. त्याने राजधानीच नागपुरात आणली, शहराला तट बांधला, तलाव बांधला. आपण ज्याला गांधीसागर म्हणतो तो त्याचा जुम्मा तलाव. १७३८-३९ च्या सुमारास चांद सुलतान वारला आणि वली शहा नावाच्या बख्त बुलंदच्याच एका मुलाने गादी बळकावली. तो लग्नाच्या राणीपोटचा नव्हता. खरे हक्कदार म्हणजे चांद सुलतानाची मुलं, बुऱ्हाण शहा आणि अकबर शहा.

त्यांची आई राणी रतनकुंवर. विधवा बाई, गादी गेलेली, मुलांच्या जिवाला धोका. तिने वऱ्हाडात रघूजींना निरोप धाडला. मला वाटतं, नवऱ्याच्या चाकरीत कधीकाळी राहून गेलेला माणूस म्हणून तिला त्यांचा भरवसा वाटला असेल. आजही बाई अडचणीत आली की आधी ओळखीचाच माणूस शोधते, मग तो कितीही दूरचा असो.

आता इथे काही जणी म्हणतील की रघूजी काय परदेशी होते का. आजच्या हिशेबाने नाही. पण त्या वेळी देवगड हे वेगळं राज्य होतं, त्यांची भाषा, रीत, राजा, सगळं वेगळं. रघूजी साताऱ्याच्या छत्रपतींचे सरदार. त्यांची फौज म्हणजे देवगडच्या लोकांसाठी बाहेरचीच फौज.

रघूजी आले, वली शहाचा पराभव केला आणि तो मारला गेला. राणीच्या दोन्ही मुलांना त्यांनी गादीवर बसवलं. राणीने भरघोस पैसा दिला आणि राज्यातला काही मुलूखही. ते घेऊन रघूजी आपली फौज काढून वऱ्हाडात परत गेले.

मी इथे थांबले. कारण हाताखाली एवढं मोठं राज्य, धनी दोन पोरं, विचारणारं कुणी नाही, आणि हा माणूस निघून गेला. फुकट नाही गेला, मोबदला घेऊन गेला, पण गेला. रघूजींच्या आयुष्यातल्या लढायांची वर्णनं पुस्तकांत पानंच्या पानं आहेत. या परत जाण्याला मात्र एखादी ओळ मिळते. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या पराक्रमांत मला ही ओळ मोठी वाटते.

पण पुढे काय झालं? गादी एक आणि बसणारे दोघे. मोठं कोण, हुकूम कुणाचा, वसुली कुणाची, याचा निकाल लावून न देता मदत करणारा निघून गेला होता. मधल्या काळात रघूजी दूर दक्षिणेत होते. १७४० मध्ये दामलचेरीच्या खिंडीत त्यांनी अर्काटच्या दोस्त अली नवाबाला गाठलं, नवाब लढाईत पडला. १७४१ मध्ये तिरुचिरापल्ली घेतली आणि चंदासाहेबाला कैद करून साताऱ्याला आणलं. इकडे नागपुरात भावाभावांचं फाटत गेलं. दोघांच्याही भोवती कान भरणारे होतेच.

इथे मला आमचा एक जुना प्रसंग आठवतो आणि आठवला की अजून लाज वाटते. वडशापासून जवळच्या एका गावात दोन भावांचा धुऱ्यावरून वाद होता. बापाच्या मागे बांध्या वाटून घेतल्या होत्या, पण तोंडीच. धाकट्याची बायको रडत आमच्याकडे आली. आम्ही मंडळाच्या चौघीजणी गेलो. दोन्ही घरी बसलो, समजावलं, दोघा भावांना एका पाटावर बसवून चहा पाजला. लोकांनी आमचं कौतुक केलं, आम्ही फुगून परत आलो. पुढल्या रोवणीला पुन्हा लाठ्या निघाल्या. त्या वेळी आम्हाला कुणी बोलावलं नाही. मोठ्याने आपल्या बायकोच्या मामाला बोलावलं. मामा दांडगा. भांडण त्याने दोन दिवसांत बंद केलं. पण मामा काही परत गेला नाही. आज दोन्ही भावांच्या बांध्या तोच कसतो आणि भाऊ त्याच्या हाताखाली रोजी करतात. गावात आता शांतता आहे, तंटा नाही.

आमची चूक निघून आलो ही नव्हती. मोजणी करून, तलाठ्याकडे नोंद करून, धुऱ्यावर दगड पुरून आलो नाही, ही चूक होती. चहा पिऊन आलो.

१७४३ मध्ये नागपुरात तेच झालं. बुऱ्हाण शहाने भावाविरुद्ध रघूजींना पुन्हा बोलावलं. रघूजी आले, अकबर शहाला हाकलून लावलं, तो निजामाच्या मुलखाकडे हैदराबादला पळाला. लढाई संपली ती कायमची. आणि या वेळी रघूजी परत गेले नाहीत. त्यांनी आपली राजधानीच भामहून नागपूरला आणली. बुऱ्हाण शहाला नागपुरातच मानाने ठेवलं, नेमणूक बांधून दिली. राजा हे नाव त्याच्याकडे राहिलं, राज्य गेलं. पुढेही कित्येक वर्षं नव्या भोसले राजाला गादीवर बसताना टिळा गोंड राजाने लावायचा आणि वसुलीच्या कागदांवर त्याची मोहर उमटायची, अशी रीत होती. ज्याच्या हाती काही उरलं नाही त्याची मोहर मात्र जपून ठेवली. राजकारणातल्या लोकांना ही कला फार पूर्वीपासून येते.

मग बाहेरच्या फौजेने निघून जावं की राहावं? रघूजी गेले तेव्हा घरातलं भांडण पुन्हा पेटलं. राहिले तेव्हा भांडण विझलं, पण घरच गेलं.

आपल्या हयातीतलंही बघा. १९८७ मध्ये आपली शांतिसेना श्रीलंकेत गेली. सिंहली सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यातलं युद्ध थांबवायला गेलेले आपले जवान त्या बंडखोरांशीच लढू लागले. हजाराच्या वर जवान गेले. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन तिथेच पडले, त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मार्च १९९० मध्ये आपली शेवटची तुकडी परत आली. जवानांच्या आया-बायकांनी सुटकेचा श्वास टाकला असेल, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण तिथलं युद्ध काही महिन्यांत पुन्हा भडकलं आणि २००९ पर्यंत चाललं. अफगाणिस्तानातून १९८९ मध्ये रशियाचं सैन्य गेलं, तीन वर्षांत तिथलं सरकार पडलं आणि वेगवेगळे गट एकमेकांवर तुटून पडले. २०२१ मध्ये अमेरिकेचं सैन्य गेलं, तेव्हा उलटं झालं. मोठी लढाई बरीचशी थांबली. पण ती एका बाजूने सगळं गिळल्यामुळे थांबली, आणि सहावीच्या पुढे मुलींच्या शाळा बंद झाल्या. काबूलच्या विमानतळावरची ती गर्दी बघताना माझ्या सासूबाई टीव्ही बंद कर म्हणाल्या होत्या.

रघूजींच्या आयुष्यातला तिसरा प्रकार बंगालचा. तो वाचताना मला फार जड गेलं, कारण आपण शाळेत ही मोहीम अभिमानाने शिकलो. बंगालमध्येही गादीचाच वाद होता. १७४० मध्ये अलिवर्दी खानाने आधीच्या नवाबाला मारून गादी घेतली. त्याच्या विरोधातल्या मीर हबीबने नागपूरकरांशी संधान बांधलं. १७४२ पासून रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर आणि त्यांचे बारगीर तिथे जात राहिले. १७४४ मध्ये अलिवर्दीने भेटीला बोलावून भास्कररामांना आणि त्यांच्या सरदारांना दग्याने मारलं. हे आपल्याला माहीत असतं. तिथल्या खेड्यांचं काय झालं ते माहीत नसतं. जाळपोळ झाली, लूट झाली, बायकांचे हाल झाले. माणसं गावं सोडून गंगेपलीकडे पळाली.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात बंगाली निर्वासितांच्या वस्त्या आहेत. आरोग्य शिबिराच्या निमित्ताने मी तिकडे जात असते. तिथल्या एका म्हाताऱ्या मावशीने मला एकदा सांगितलं होतं की त्यांच्याकडे बाळाला झोपवताना बर्गी येतील असं म्हणून झोपवतात. बर्गी म्हणजे चोर-दरोडेखोर असावेत असं मला तेव्हा वाटलं होतं. बर्गी म्हणजे बारगीर, म्हणजे आपलेच नागपूरकर, हे मला आत्ता ही पुस्तकं वाचताना कळलं. ज्या नावाने आपली छाती फुगते त्या नावाने तिकडे लेकरं डोळे मिटतात.

ही बंगालची धामधूम थांबली १७५१ मध्ये. त्या वर्षी अलिवर्दी आणि रघूजी यांच्यात तह झाला. वर्षाला बारा लाख रुपये चौथाई आणि ओरिसाचा महसूल रघूजींना, सुवर्णरेखा नदी ही हद्द, तिच्या पलीकडे मराठ्यांनी पाय टाकायचा नाही. दहा वर्षांच्या मारामारीने दोघेही थकले होते. नवाब म्हातारा झाला होता. पण हद्द ठरली, रक्कम ठरली, आणि फौजा परतल्यावर त्या दर वर्षाच्या स्वाऱ्या बंद झाल्या. धुऱ्यावर दगड पुरून निघाले, म्हणा ना. न्याय झाला असं मी म्हणणार नाही, बंगालच्या रयतेच्या खिशातूनच ते बारा लाख गेले. पण त्यांची गावं जळायची थांबली.

त्याच वर्षी आपल्या चांद्याचं गोंड राज्यही रघूजींकडे गेलं. राजा नीलकंठ शहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला. आपला हा वैनगंगेकाठचा मुलूख, वैरागडचा किल्ला, सगळं तेव्हाच भोसल्यांकडे आलं.

१४ फेब्रुवारी १७५५ ला रघूजी वारले. वऱ्हाडापासून ओरिसापर्यंत पसरलेलं राज्य मागे ठेवलं आणि चार मुलगे. जानोजी, साबाजी, मुधोजी, बिंबाजी. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. सेनासाहेबसुभा कुणी व्हायचं यावरून जानोजी आणि मुधोजीत लागलं. पुण्याच्या पेशव्यांनी मधे पडून जानोजीला हुद्दा आणि मुधोजीला चांदा असं मिटवलं. १७७२ मध्ये जानोजी गेल्यावर साबाजी आणि मुधोजी उभे राहिले. दोघांनीही बाहेरून मदत मागितली, कधी पेशव्यांकडे, कधी निजामाच्या सरदाराकडे. २६ जानेवारी १७७५ ला नागपूरजवळ पाचगावला लढाई झाली आणि मुधोजीने आपल्या हाताने सख्ख्या भावाला गोळी घातली. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं होतात, त्यांत भाऊबंदकीचं नाटक असलं की मंडप कमी पडतो. पण पाचगावचं नाटक कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणखी चाळीस वर्षांनी, १८१६ मध्ये, पुन्हा वारसाचा घोळ झाला. दुसऱ्या रघूजींच्या मागे गादीवर आलेला परसोजी अधू होता. एकीकडे राणी बाकाबाईंचा गट, दुसरीकडे चुलतभाऊ आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी आपली बाजू भक्कम व्हावी म्हणून इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला. म्हणजे इंग्रजांची पलटण नागपूरजवळ राहणार आणि तिचा खर्च नागपूरने द्यायचा. दीड वर्षात ती पलटण आप्पासाहेबांनाच नकोशी झाली, पण जायला सांगितल्यावर जाते ती पलटण कसली. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली, भोसले हरले. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. बुऱ्हाण शहासारखीच भोसल्यांनाही नेमणूक मिळाली.

ती तलवार बहुधा सीताबर्डीच्या लुटीतच साहेबाकडे गेली असावी असं जाणकार म्हणतात. तिचं पातं युरोपातलं आहे, त्यावर रघूजींचं नाव आणि हुद्दा आपल्या देवनागरीत कोरलेला आहे.

हे सगळं मी दोन-तीन दुपारी शिवणाच्या वर्गात सांगितलं. मुली मशीन थांबवून ऐकत होत्या. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिला रघूजींचा राग आला असेल असं मला वाटलं होतं. पण तिला राग आला तो राणी रतनकुंवरचा. दोन मुलांना एका गादीवर बसवून आई गप्प कशी राहिली, असं तिचं म्हणणं. मी राणीची बाजू घेतली. आमचा वाद झाला. मुलांपैकी एकाला निवडणं आईला सोपं असतं का, असं मी विचारलं तेव्हा ती काही बोलली नाही. आता नागपूरच्या महाल भागात गोंड राजाच्या किल्ल्याचं जे काही उरलं आहे ते बघायला जायचं तिने ठरवलं आहे. एसटीने सकाळी निघून रात्री परत यायचं, आठ-दहा जणी तयार आहेत.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या खोलीत गेले तर कात्रणाखाली वहीचा एक कागद चिकटवलेला होता. त्यावर तिने स्केचपेनने ओळीने नावं लिहिली होती. बख्त बुलंद शहा, चांद सुलतान, राणी रतनकुंवर, बुऱ्हाण शहा, अकबर शहा. खाली जागा मोकळी सोडली आहे.